लीलाराम मास्तरांच्या पेट्या

लीलाराम मास्तर, तुमच्यावर अन्याय झाला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाचा भोंगा व्हायच्या आत, दोन पहारेकऱ्यांनी तुम्हाला दंडाला धरून कारखान्याच्या फाटकाबाहेर आणून सोडलं. तुमचा चष्मा आत टेबलावर राहिला होता. तो मागायला तुम्ही वळलात तोवर फाटक लागलं होतं. दुसरा अन्याय दसरा होऊन गेल्यावर झाला. पुण्याहून कॉलेजची प्राध्यापक मंडळी तुमचं यंत्र बघायला आली. साहेबानं त्यांना स्टोअरचा रिकामा कोपरा दाखवला आणि सांगितलं, "ते यंत्र कधी चाललंच नाही."

पहिल्या अन्यायावर मी पत्रक काढलं होतं. तुम्ही ते हातभर लांब धरून वाचलंत आणि म्हणालात, "फार ओरडतोस." दुसऱ्या अन्यायावर मात्र तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत आणि मलाही लिहू दिलं नाहीत. मागच्या महिन्यात तुम्ही गेलात. आता मी लिहितो. मध्येच हात वर करून थांबवायला तुम्ही नाही, याचा मी फायदा घेतो आहे असं समजा.

तुमचा जन्म, तुमचं कराचीचं कॉलेज, तिथंच राहून गेलेली डिग्री, फाळणी, पिंपरीचा कँप, हे लिहिणारे कँपात पुष्कळ आहेत. मी तुम्हाला पाहिलं ते स्टोअरच्या कोपऱ्यात, उकिडवं बसून एका लाकडी पेटीला कान लावलेलं. हजेरी ऑफिसात पगाराचे हिशेब करणारा माणूस इथं काय करतो, हे बघायला मी थांबलो.

"काय ऐकताय मास्तर?"

"बेरीज."

मला वाटलं, फाळणीत डोक्यावर परिणाम झालेला असणार. तसे कँपात काही होते. तुम्ही माझं मनगट धरून मला खाली बसवलंत आणि पेटीला कान लावायला लावलंत. आत कट् झालं. मग शेजारच्या पेटीत कट्. मग तिच्या शेजारच्या. आवाज ओळीनं डावीकडे पळत गेला आणि थांबला.

"हातचा गेला," तुम्ही म्हणालात.

आमच्या कारखान्यात टेलिफोनला लागणारे रिले बनतात, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. रिले म्हणजे वीज आली की मिटणारा आणि गेली की उघडणारा खटका. तपासणीत नापास झालेले रिले टोपलीत पडून असायचे. ते तुम्ही मागून घेतलेत आणि तळेगावच्या रसूलभाईंकडून पेट्या बनवून घेतल्यात. रसूलभाईंचं पिंपरीत स्टेशनच्या रस्त्याला हार्मोनियम आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे लाकूड आणि तार दोन्हीवर त्यांचा हात बसलेला. प्रत्येक पेटी अगदी सारखी. डाव्या अंगाला पितळी खुंट्या, उजव्या अंगाला तेवढीच भोकं, म्हणजे कोणतीही पेटी कोणत्याही पेटीला जोडता यावी. एक पेटी म्हणजे बेरजेतला एक रकाना. तिचं काम इतकंच, की स्वतःपुढचे दोन आकडे घ्यायचे, उजवीकडच्या शेजारणीकडून हातचा आला तर तो मिळवायचा, उत्तर दिव्यानं दाखवायचं आणि हातचा उरला तर डावीकडे द्यायचा. पलीकडे काय चाललंय, ओळ किती लांब आहे, याची तिला खबर नाही. तिला फक्त शेजार कळतो.

"बाकीचे लोक मोठं यंत्र काढतात," तुम्ही म्हणायचात. "मोठं यंत्र बिघडलं की मोठा इंजिनियर पाहिजे. माझी पेटी बिघडली तर काढून फेक, दुसरी लाव."

मी वकिली प्रश्न विचारायचो. पत्रकं लिहिणाऱ्याला ती खोड असते. "पाच पेट्या चालल्या म्हणून पन्नास चालतील कशावरून?"

"एक पेटी खरं बोलते, हे मी तपासलं. शेजारीण खरं बोलली तर आपण खरं बोलतो, हेपण तपासलं. आता पन्नास काय, खंडाळ्यापर्यंत लाव. हे गणित. बाकी सुतारकाम."

रसूलभाई रंधा मारता मारता म्हणाले, "सुतारकाम नसतं तर तुमचं गणित जमिनीवर बसलं असतं, मास्तर."

"म्हणून तर तुमच्या दुकानात येतो. इथं बसायला स्टूल आहे."

आणखी एक आठवतं. रसूलभाईंनी विचारलं होतं, "उजव्या टोकाच्या पेटीला शेजारीण नाही. ती वेगळी बनवू?" तुम्ही जवळजवळ ओरडलात. "बिलकुल नाही! टोकाचीसुद्धा तीच. शेजारी नसेल तर ती शून्य धरते. कोणी नाही म्हणजे शून्य."

ही कल्पना आली कुठून, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही मला कँपातल्या तुमच्या बराकीत नेलंत. एकाला एक लागून सारख्या खोल्या, मध्ये पातळ भिंती. तुमच्या बायकोनं, आमच्या काकींनी, चहा ठेवला आणि तुम्ही भिंतीवर थाप मारून म्हणालात, "चहा झाला!" थोड्या वेळानं बराकीच्या त्या टोकाहून एक म्हातारा पेला घेऊन हजर. भिंतीभिंतीतून निरोप गेला होता. "बघ. माझी प्रयोगशाळा. सरकारनं दिली." तुम्ही हसत होतात. काकी हसत नव्हत्या. म्हणाल्या, "सबको बुलाते हैं, और दूध मैं कहाँ से लाऊँ?"

आपलं पहिलं भांडण तिथंच झालं. मी संयुक्त महाराष्ट्राच्या पत्रकांवर हात बसवलेला माणूस, मला मथळे दिसतात. मी म्हणालो, "मास्तर, तुमच्या यंत्रात मुकादम नाही! सगळे सारखे, सगळे शेजाऱ्याच्या भरवशावर, आणि काम चोख. हे मी छापणार. 'बिनमुकादमाचं यंत्र'."

"छापू नको."

"का?"

"गणित आहे, भाषण नाही. पेट्या सारख्या आहेत, कारण रसूलभाईंनी एका साच्यावर बनवल्या. पेटीला पोट नाही, पोरं नाहीत, भीती नाही. तुझ्या कामगाराला सगळं आहे. माझ्या पेटीला तुझ्या मिरवणुकीत नेऊ नको, साईं."

"मग माणसांना काय उपयोग हिचा?"

"सगळ्याचा उपयोग लगेच असतो काय? तू तुझ्या महाराष्ट्राचा उपयोग सांग. मला त्यात एक खोली जास्त मिळणार?"

मी चहा अर्धा टाकून उठलो होतो. आज सांगतो, तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. आणि उपयोग तर तुम्ही स्वतःच दाखवून दिलात.

त्या उन्हाळ्यात मोठ्या प्रेसमध्ये रंगनाथची बोटं गेली. प्रेसला जाळी नव्हती. जाळी लावली की माल काढायला वेळ लागतो, म्हणून ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती, सगळ्यांना दिसेल अशी. रंगनाथच्या जोडीदारानं दुसऱ्या दिवशी प्रेस बंद केला आणि म्हणाला, जाळी लावा. त्याला घरी बसवलं. मग तिघांनी मिळून हात थांबवले. तिघेही गेले. साहेबाचा कायदा साधा होता. जाळी हवी की नको हा विषयच नाही, आधी कोण थांबला ते सांगा. जो आधी थांबला तो पुढारी, आणि पुढारी म्हणजे बाहेर.

आमची पंचाईत कळते ना? प्रत्येकजण थांबायला तयार होता, पण पहिला कुणीच व्हायचं नव्हतं. शिट्टी वाजवावी तर वाजवणारा सापडतो. खूण करावी तर करणारा दिसतो. घड्याळ साहेबाच्या खोलीत. जेवणाच्या भोंग्यानंतर परत जायचंच नाही असंही करून पाहिलं. सगळे दारात उभे राहून एकमेकांची तोंडं बघत बसले आणि मग एकेक करून आत गेले. त्या दिवशी मी तुमच्याकडे येऊन तणतणलो. म्हणालो, "लांबलचक ओळ आहे. प्रत्येकाला फक्त शेजारी दिसतो, शेजाऱ्याशीच बोलता येतं. सगळे एकाच क्षणाला थांबले पाहिजेत. कसं करायचं?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मी पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोललो होतो.

"ओळ किती लांब ते कोणाला माहीत नाही?"

"मोजत कोण बसणार? रोज दोघे गैरहजर, दोघे बदली."

"छान," तुम्ही म्हणालात. "फार छान." आणि काकींनी वाढलेलं ताट तसंच राहिलं.

उत्तर घेऊन आलात तेव्हा सोपाना माझ्याबरोबर होता. सोपाना चऱ्होलीचा, वाकबगार माणूस, आम्ही ओळीनं बसून रिले जुळवतो त्या बाकाच्या अगदी उजव्या टोकाला बसणारा. तुम्ही जमिनीवर खडे मांडलेत. टोकाकडून दोन निरोप एकदम निघतात. एक चपळ, दर ठोक्याला एक माणूस पुढं जाणारा. दुसरा आळशी, तीन ठोक्यांना एक माणूस पुढं जाणारा. चपळ दुसऱ्या टोकाला आपटून परत फिरतो. आळशी अजून रखडतच असतो. दोघांची गाठ पडते ती बरोबर मधल्या माणसापाशी. तो मधला माणूस आता नवं टोक. तो दोन्ही बाजूंना पुन्हा दोन-दोन निरोप सोडतो. अर्ध्याचे अर्धे, त्याचे अर्धे, असं करत शेवटी प्रत्येकजणच टोक होतो, आणि सगळे एकाच ठोक्याला. तो ठोका थांबायचा.

ठोका आमच्याकडे होताच. आमच्या ओळीच्या डाव्या टोकाचा मोठा प्रेस दिवसभर धाड धाड पडतो, तो सगळ्या खात्याला ऐकू येतो.

"पर निरोप म्हंजी काय? बोललं तर मुकादम ऐकतुय," सोपाना म्हणाला आणि सवयीनं चंची सोडून तुमच्यापुढे धरली.

तुम्ही तंबाखू खात नव्हता. पण चंचीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "ही तुम्ही कामावर देता एकमेकांना?"

"न देऊन कसं? मुकादमबी हात पुढं करतुय की."

ठरलं. तंबाखूची चिमूट चपळ, दर ठोक्याला पुढं. चुन्याची डबी आळशी, तिसऱ्या ठोक्याला पुढं.

पहिली तालीम रविवारी सकाळी पवनेच्या काठाला झाली. आम्ही ओळीनं बसलो, रसूलभाईंनी प्रेस म्हणून घमेलं बडवायला घेतलं. तुम्ही धोतर खोचून ओळीसमोर येरझाऱ्या घालत होतात. चिमूट पळाली, टोकाला पोचली, परत फिरली. डबी हळूहळू आली. आणि बरोबर मध्यावर, तुम्ही सांगितलेल्याच जागी, धोंडिबाच्या एका हातात तंबाखू आली आणि दुसऱ्या हातात चुना आला. तंबाखू आणि चुना एकाच वेळी हातात आल्यावर माणूस काय करतो? धोंडिबानं ती मळली, दोन थापा मारल्या, तोंडात टाकली आणि डोळे मिटून स्वस्थ बसला.

घमेलं वाजत होतं. पुढं काहीच होईना.

"निरोप कुठाय?" तुम्ही ओरडलात.

धोंडिबानं गाल दाखवला.

"माझा सिद्धांत खाल्ला यानं! अरे, कराचीपासून इथवर माझं सगळं गेलं, पण खाल्लं कोणी नव्हतं!"

ओळ हसून लोळली. सोपाना म्हणाला, "मास्तर, चूक त्याची न्हाई. चुना आन तंबाखू भेटल्यावर कोन ऱ्हातंय? पर ह्यानं येकट्यानं खाल्ली, ही चूक. आमच्यात मळनारानं दोन्हीकडच्याला इचारावं लागतं."

तुम्ही थबकलात. हसणंही थांबलं, कारण तुमचा चेहरा बदलला होता. "दोन्हीकडच्याला?"

"व्हय. डावीकडं बी, उजवीकडं बी. येकट्यानं खाल्ली तर भिकारपना."

तुम्ही त्याच क्षणी नियम बदललात. ज्याच्या हातात दोन्ही येतील त्यानं मळावी, आपली खावी आणि रीतीप्रमाणे दोन्ही शेजाऱ्यांना नवी चिमूट आणि नवी डबी द्यावी. चंच्या सगळ्यांच्या कमरेला होत्याच. तोंडात तंबाखू म्हणजे तो माणूस टोक झाला. ज्याच्या तोंडात आहे, आणि दोन्ही शेजाऱ्यांच्याही तोंडात आहे, त्यानं पुढच्या ठोक्याला हात खाली घ्यावेत. टोकाच्या दोघांनी चिमूट हाताशी येताच आपली खावी आणि आपला एकच शेजारी बघावा. "मी ही खूण तीन दिवस शोधत होतो," तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात. "तुमच्यात ती आधीपासून होती, फक्त त्यावर कोणी गणित केलं नव्हतं."

मी म्हणालो, "बघा, पेटीला रीत नसते. माणसाला असते."

"वाद नको, तालीम कर."

मग आम्ही रविवारमागून रविवार तालीम केली. नवसागराच्या दारूपेक्षा तंबाखूनं जास्त झिंगलो असू. तुम्ही कुणाचं कौतुक केलं नाहीत. चुकणाऱ्याला "शून्य!" म्हणायचात. धोंडिबाला लोक अजून 'सिद्धांत' म्हणतात.

आणि तो दिवस. तुम्ही हजेरी ऑफिसात होतात, तुम्हाला दिसलं नाही. मी तुम्हाला नंतर सांगितलं तेव्हा तुम्ही अधीर होऊन पुढचंच विचारत राहिलात, म्हणून नीट सांगायचं राहिलं. आता सांगतो.

सोपानानं रोजच्यासारखी चंची सोडली. चिमूट निघाली, डबी निघाली. माल चालू होता, प्रेस पडत होता. चिमूट माझ्याकडून गेली, टोकाला आपटून परत फिरली. मग ओळीच्या मागून मुकादम आला, माझ्या आणि पुनावळ्याच्या शिवरामच्या मधोमध उभा राहिला आणि हात पुढं केला. "काय रे, आज लई तंबाखू चाललीय. दे की मला." शिवरामच्या उजव्या हातात निरोपाची चिमूट होती. ती मुकादमाला दिली असती तर यंत्र तिथंच मेलं असतं. शिवरामनं डाव्या हातानं चंचीतून दुसरी काढून मुकादमाच्या तळहातावर ठेवली आणि उजव्या हातातली त्याच ठोक्याला मला दिली. "घ्या मुकादम, जर्दा हाय." मुकादम मळत मळत पुढं गेला. माझे हात इतके घामेजले होते की चिमूट ओली झाली.

मग अर्ध्याचे अर्धे होत गेलं. माझ्या तोंडात आली. डावीकडे पाहिलं, शिवरामचा गाल फुगलेला. उजवीकडे पाहिलं, फुगलेला. प्रेस पडला. आणि पुढचा ठोका पडलाच नाही.

मास्तर, आम्ही इतकी वर्षं त्या आवाजात होतो की तो थांबल्यावर छपरावरची चिमणी ऐकू आली. सगळ्या ओळीचे हात मांडीवर. रंगनाथ, त्याच्या उरलेल्या बोटांचा हातही मांडीवर. कुणी पहिला नव्हता. मी तिथं होतो, मी शपथेवर सांगतो, पहिला कुणी नव्हताच.

साहेबानं एकेकाला बोलावलं. "कोणी सुरू केलं?" सगळ्यांनी खरं सांगितलं. "शेजाऱ्यानं तंबाखू दिली साहेब." शेजाऱ्याला विचारलं, त्याला त्याच्या शेजाऱ्यानं दिली होती. मुकादमाला विचारलं, तोही म्हणाला, मलापण दिली. दोन दिवस प्रेस बंद राहिला आणि तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकवलेली जाळी प्रेसवर चढली. आजही आहे. ज्याला बघायची त्यानं जाऊन बघावी.

इथंच थांबलं असतं. पण थांबणं तुमच्या स्वभावात नव्हतं. साहेबानं मुख्य ऑफिसला कळवायचं ठरवलं, की हा योगायोग होता, उष्म्यानं कामगार एकदम सुस्तावले. आणि सावधगिरी म्हणून बाकाच्या मधल्या माणसांना काढावं, कारण तिथं काहीतरी शिजलं असावं. म्हणजे धोंडिबा, शिवराम, मी. हजेरी ऑफिसात तो मजकूर टाइप होताना तुमच्या कानावर पडला. तुम्ही उठून सरळ साहेबाच्या खोलीत गेलात आणि खडू मागितलात. त्याच्या फळ्यावर ओळ काढलीत, चपळ निरोप काढलात, आळशी काढलात, आणि सिद्ध करून दाखवलंत की हा योगायोग असूच शकत नाही, आणि मधल्या माणसांचा त्यात काही विशेष हात असूच शकत नाही. सगळे सारखे. रचना माझी, असंही सांगून टाकलंत. हे ऐकून साहेबानं टाळ्या वाजवाव्यात अशी तुमची अपेक्षा होती की काय, कोण जाणे. त्यानं पहारेकरी बोलावले. आम्ही तिघे कामावर राहिलो.

याच्यावरून आपलं शेवटचं भांडण. बाकावरची माणसं म्हणतात, मास्तरांनी आपल्यासाठी नोकरी दिली. मी तुम्हाला तोंडावर म्हणालो होतो, "तुम्ही आम्हाला वाचवायला गेला नव्हता. तुमच्या सिद्धांताला कोणी योगायोग म्हणालं, ते तुम्हाला सहन झालं नाही." काकी खिडकीत भांडी घासत होत्या, त्यांनी हात थांबवला.

तुम्ही म्हणालात, "दोन्ही कामं एकाच दरवाजाच्या आत होती, साईं. मी एकदाच गेलो."

मी म्हणालो, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणालात, "मग तू सांग." आज एवढंच सांगतो. मी तुमचा ऋणी आहे, आणि मला रागही आहे, कारण गप्प बसला असतात तर तुम्ही, यंत्र आणि मी, तिघेही आत राहण्याचा काही मार्ग निघाला असता. कदाचित. तुम्ही असतात तर 'कदाचित'ला शून्य दिलं असतं.

तुम्हाला बाहेर काढल्यावर पेट्या स्टोअरमागच्या ढिगात फेकल्या. भंगारवाल्यानं उचलल्या, पिंपरीच्या बाजारात मांडल्या. चांगलं सागवान, पितळी खुंट्या, कुणीही घ्यावं असंच. लोकांनी घेतल्या. प्राध्यापक मंडळी आली तेव्हा साहेब 'चाललंच नाही' म्हणाला आणि ते चहा घेऊन परत गेले. त्यांच्यापैकी एकानंही तुमच्या बराकीपर्यंत यायची तसदी घेतली नाही. फाटकापासून कँप दिसतो.

त्यानंतर तुम्ही बाजारात हिंडायचात. एका पानवाल्याकडे कात ठेवलेली तुमची पेटी सापडली. एका न्हाव्यानं वस्तरे ठेवले होते. तुम्ही मागायचात, आणि ते विचारायचे, "यात काय आहे एवढं?" तुम्ही सांगायला लागायचात, आणि ते गिऱ्हाइकाकडे वळायचे. तुमची छाती भरलेली, खोकला थांबत नव्हता, चष्मा नवा केलेला नव्हता. मी म्हणालो, पत्रक काढू. तुम्ही म्हणालात, "नको. एकदा पूर्ण ओळ लावून चालवू. चालली, की बोलायची गरज नाही." तुमची एवढीच इच्छा होती. ती मी इथं सांगून टाकतो, तुम्हाला चालो न चालो.

तुम्ही गेलात ती बातमी मला भिंतीभिंतीतून आली नाही, रसूलभाई सायकलवर घेऊन आले. मी पोचलो तेव्हा बराकीच्या प्रत्येक दारात माणूस उभा होता. कुणी रडून सांगत नव्हतं. एक दुसऱ्याला हळू आवाजात सांगत होता, तो पुढच्याला.

दिवस झाल्यावर मी काकींकडे गेलो. सापडलेल्या पेट्या त्यांनी खाटेखाली रचल्या होत्या. एक चुलीपाशी होती.

"वो मत ले जाना," त्या म्हणाल्या. "उसमें हल्दी है."

मी बरं म्हणून उठलो. दारापर्यंत गेलो तर मागून हाक आली. त्यांनी हळद कागदावर ओतली होती, पेटी पदरानं आतून पुसली होती, भोकांतली पिवळी पूड काडीनं काढत होत्या. "खटका इसमें ठीक है क्या, देख लो. वो कहते थे, कोई भी पेटी, कहीं भी."

खटका ठीक आहे, मास्तर. रसूलभाईंनी तपासला. बाकीच्याही बऱ्याचशा ठीक आहेत. बिघडलेल्या दुरुस्त होतील, नापास रिले अजून टोपलीत पडतात आणि टोपलीपाशी आता शिवराम बसतो. आखूड ओळ लावता येईल, पण तुमची पूर्ण ओळ होत नाही. मध्ये एक जागा जरी रिकामी राहिली तरी हातचा तिथंच पडतो आणि पुढच्या सगळ्या पेट्या खोटं बोलतात. साहेबाला पुन्हा म्हणायची सोय होते, की चाललंच नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या बाई, बुवा, आता तुमच्याशी बोलतो. पिंपरीच्या बाजारातून, गेल्या दसऱ्यानंतर, तुम्ही एक सागवानी पेटी घेतली असेल. डावीकडे पितळी खुंट्या, उजवीकडे भोकं. तीत तुम्ही मीठ ठेवलं असेल, खिळे ठेवले असतील, देवाचं कुंकू ठेवलं असेल. तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं आहे. आत्ता उठा, ती रिकामी करा, पुसा, आणि संक्रांतीच्या आत स्टेशनच्या रस्त्याला रसूलभाईंच्या दुकानात आणून द्या. तुमची पेटी ओळीतली कोणती, हे विचारू नका. सगळ्या सारख्या आहेत, म्हणून तुमचीच हवी आहे.